मोरचूद, सोमल आणि आमची माती

बीदरच्या किल्ल्यातील मातीचा एक गुण प्रसिद्ध आहे. ती नवसागरासह पाण्यात कालवून बिदरी भांड्यावर चोळली म्हणजे जस्त-तांब्याचा धातू काळाभोर होतो आणि चांदीची नक्षी मात्र तशीच लखलखत राहते. माती सर्व धातूंशी सारखी वागत नाही, हे आमच्या कारागिरांनी शतकांपूर्वीच हेरले होते. तीच गोष्ट लाकडाला पाजलेल्या विषाच्या बाबतीत आम्ही कधी विचारात घेतली नाही.

वाळवी आणि बुरशी यांपासून लाकूड राखणारे एक मिश्रण देहरादूनच्या वन संशोधन संस्थेतील सोंटी कामेशम यांनी १९३३च्या सुमारास सिद्ध केले. ‘ॲस्कू’ या नावाने ते देशोदेशी गेले. मोरचुदातील तांबे त्यात बुरशीला मारते, सोमल म्हणजे आर्सेनिक वाळवीला, आणि क्रोमियम या दोघांना लाकडात जखडून ठेवते. शोध भारतीय, ही अभिमानाची गोष्ट. पण जखडणे पुरते होत नाही, आणि दर पावसाळ्यात थोडे विष खांबाच्या बुडाशी झिरपतेच. अमेरिकेतील उत्पादकांनी घरगुती वापराच्या लाकडासाठी २००३च्या अखेरीस ते बंद केले.

सोमल आमच्या भागाला अनोळखी नाही. शेजारच्या यादगीर जिल्ह्यात, जुन्या सोन्याच्या खाणीच्या परिसरातील किरदळ्ळी तांड्यावर, पिण्याच्या पाण्यातून ते पोटात गेले आणि माणसांच्या अंगावर डाग व व्रण उठले. तेथे लाकडाचा संबंध नव्हता. विष मात्र तेच.

झिरपलेले विष पुढे कोठे जाते, हे जमिनीवर ठरते. बीदरचे पठार जांभ्याचे. त्याच्या तांबड्या मातीत लोहाचा गंज मुबलक, आणि हा गंज सोमलाला घट्ट धरतो. जमीन आम्लधर्मी असेल तर तांबे मात्र तेथे सैल सुटते. पठार उतरून आळंद-कलबुर्गीकडे निघावे, तो तुरीची काळी जमीन लागते. चिकण आणि चुनखडी यांमुळे ती तांब्याला सोडत नाही. सोमलावरची तिची पकड तांबड्या मातीइतकी भरवशाची नाही. शिवाय उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पहिला वळीव मातीशी फारशी गाठ न पडताच खोल उतरतो. मांजरा-भीमेच्या काठची वाळूसर जमीन तर दोहोंपैकी कोणालाच फारसे अडवीत नाही. क्रोमियम सहसा कोठेच दूर जात नाही.

गाळात पाणी तुंबले की लोहाची पकडही सुटते. खतातला स्फुरद सोमलाचा जणू सख्खा भाऊ. कुंपणालगत डीएपी ओतले तर तो मातीतील जागा बळकावतो आणि सोमलाला बाहेर काढतो. चुन्याने जमीन सुधारते, या समजुतीने खांबाभोवती चुना टाकणाऱ्यांनीही ध्यानात घ्यावे की त्याने तांबे बसते, पण सोमल उठण्याचा धोका असतो.

तरीही भयभीत होण्याचे कारण नाही. बहुतांश विष खांबापासून हात-दीड हाताच्या आतच राहते. तेवढ्या जागेत मेथी, पालक, मुळा लावू नये, इतके पुरे. आम्हांला खरी धास्ती वाटते ती चुलीची. हिरवट झाक असलेला जुना खांब मोडला की आमच्या घरांतून तो सरपणात जातो. सोमल काही धुरातून जाते, उरलेले राखेत एकवटते. आणि त्याच राखेने भांडी घासली जातात, तीच परसातल्या वांग्यांवर उधळली जाते. असे लाकूड जाळू नये, मग जमीन तांबडी असो वा काळी.

सोमलाऐवजी बोरॉन घातलेले मिश्रणही मिळते. मात्र बोरॉन पावसाने धुऊन जाते, म्हणून ते छपराखालच्या वाशांना चालेल, बांधावरच्या खुंटाला नाही.