छायाचित्राचे सत्य आणि छायाचित्रकाराचे ऋण

कॅमेरा खोटे बोलत नाही, असे म्हणण्याचा प्रघात आहे. छायाचित्रण शिकणाऱ्याचा हा समज फार काळ टिकत नाही. कॅमेरा कोठे रोखावयाचा, चौकटीत काय घ्यावयाचे, काय वगळावयाचे आणि कळ केव्हा दाबावयाची, हे सारे माणूसच ठरवीत असतो. म्हणूनच आम्हा विद्यार्थ्यांना शैलीचे धडे गिरविताना सत्याचा आणि नीतीचा प्रश्न टाळता येत नाही.

हे तिन्ही प्रश्न एकाच चित्रात एकवटलेले पाहावयाचे असतील, तर डोरोथिआ लँग यांच्या ‘स्थलांतरित माता’ या छायाचित्राकडे वळावे. मार्च १९३६ मध्ये, अमेरिकेतील महामंदीच्या काळात, कॅलिफोर्नियातील निपोमो येथे वाटाणा खुडणाऱ्या मजुरांच्या तळावर ते घेतले गेले. पीक गेले होते, हाताला काम नव्हते. लँग सरकारी खात्यासाठी छायाचित्रे काढीत होत्या. त्यांनी घेतलेल्या इतर चित्रांत तंबू आणि परिसर दिसतो. गाजलेल्या चित्रात मात्र आई, तिच्या खांद्यांआड तोंड लपविणारी दोन मुले आणि मांडीवरचे तान्हे, एवढेच उरते. हे वगळणे म्हणजेच शैली, आणि चित्राचे सामर्थ्य तिच्यातच आहे.

पुढे १९३९ मध्ये चित्राच्या कोपऱ्यात दिसणारा एक अंगठा निगेटिव्हवरून पुसण्यात आला. त्यावर आजही वाद होतो. वस्तुतः अधिक गंभीर चूक शब्दांत होती. या कुटुंबाने अन्नासाठी मोटारीचे टायर विकले, असे लँग यांनी लिहिले. कुटुंबीयांनी ते साफ नाकारले. अंगठा पुसल्याने भुकेचे सत्य बदलले नाही, परंतु त्या मजकुराने एका जिवंत व्यक्तीचे चरित्र बदलले. तरीही वृत्तचित्रातील अंगठासुद्धा पुसू नये, असेच म्हणावे लागेल. कारण कोणते पुसणे निरुपद्रवी आणि कोणते घातक, हे वाचकाला कळण्याचा मार्ग नसतो. आज तर जगात नसलेल्या माणसाचे छायाचित्रही यंत्र क्षणात रचून देते. अशा वेळी छायाचित्रकाराच्या शब्दावाचून वाचकाजवळ दुसरा आधार तो कोणता?

नीतीचा हिशेब याहून अवघड आहे. छायाचित्रे वृत्तपत्रात झळकल्यावर सरकारने तळावर २०,००० पौंड अन्न धाडले. अनेकांची भूक भागली. ते कुटुंब मात्र तोवर पुढे निघून गेले होते. लँग यांनी त्या स्त्रीचे नावही विचारले नव्हते. फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्प्सन हे ते नाव जगाला कळण्यास १९७८ साल उजाडले. या चित्राने आपल्याला एक पैही दिली नाही, ते काढलेच नसते तर बरे, असा त्यांचा सूर होता. लोकहित साधले म्हणून त्यांची तक्रार खोटी ठरत नाही.

परवानगी मागणे नेहमीच शक्य नसते, हे खरे. १९८४ च्या भोपाळ दुर्घटनेनंतर मातीआड होणाऱ्या एका अनाम बालकाचा चेहरा रघू राय यांनी कृष्णधवल, तर पाब्लो बार्थोलोम्यू यांनी रंगीत चित्रात टिपला. ती चित्रे नसती, तर विषारी वायूने काय केले हे जगाला इतक्या स्पष्टपणे कळले नसते. परंतु अशा प्रसंगाचे समर्थन रोजच्या कामाला लावता येत नाही. शाळेत गरीब मुलांना वह्या वाटताना दात्याशेजारी वही उंचावून उभ्या केलेल्या मुलाला नकार देता येतो काय? त्याचे दैन्य उद्या गावभर होईल, याचा विचार त्या वेळी कोण करतो?

तेव्हा विद्यार्थ्याने काही साधे नियम पाळावेत. नाव विचारावे. शक्य तेथे संमती घ्यावी आणि नकार मिळाल्यास कॅमेरा खाली घ्यावा. चित्राखालची ओळ पडताळून पाहावी. चित्राची एक प्रत त्या माणसाच्या हाती द्यावी. प्रकाशयोजना आणि रचना सरावाने साधते. परंतु ज्याच्या चेहऱ्यावर आपण नाव मिळविले, त्याचे आपण देणे लागतो, ही जाणीव नसेल, तर ते कसब निव्वळ कारागिरी ठरेल.