पूर, पण बर्फाचा!
पूर म्हटलं की आपल्याला पाऊसच आठवतो. पण अमेरिकेतल्या रेड नदीला वसंतात पूर येतो तो बर्फ वितळून. ही नदी उत्तरेकडे वाहते. त्यामुळे दक्षिणेतला बर्फ आधी वितळतो आणि पुढे पात्र अजून गोठलेलंच! जमीनही गोठलेली, मग पाणी मुरणार कुठे? शिवाय प्रदेश एकदम सपाट, त्यामुळे ते लांबवर पसरतं.

१९९६-९७ च्या हिवाळ्यात फार्गोला सुमारे ११७ इंच बर्फ पडला. ग्रँड फोर्क्सला पाणी ४९ फुटांपर्यंत चढेल असा अंदाज होता. लोकांनी त्या हिशेबाने बांध उंच केले. एप्रिलमध्ये पाणी ५४.३५ फुटांवर गेलं! जवळजवळ सगळं शहर रिकामं करावं लागलं.

मला वाटतं, आपण भावी इंजिनिअरांनी एवढं लक्षात ठेवावं: आकडा सांगताना तो किती चुकू शकतो, हेही सांगायचं.