कामाच्या जागा, फिरायचे दिवस

कोल्हापुरात पाहुणे उतरले की दुसऱ्या दिवशी सकाळी घरात खल सुरू होतो, आज कुठं न्यायचं? आजी म्हणते, अंबाबाई करा आणि तसंच जोतिबाला जा. पोरं म्हणतात पन्हाळा. घरचा कर्ता म्हणतो, आधी मटण आणायला कोण जातंय ते ठरवा, मग कुठंही जाऊ.

तिघांचंही म्हणणं एका दिवसात बसतं, हे या गावाचं भाग्य. साठ-सत्तर किलोमीटरांच्या फेऱ्यात किल्ले, घाट, नद्यांचे संगम, धरणं, देवळं सगळं आहे. सकाळी निघालेला माणूस मुक्कामाची पिशवी न भरता रात्री घरी जेवायला परततो. पण या ठिकाणांची यादी नीट पाहिली तर एक गोष्ट लक्षात येते. यातलं सहलीसाठी म्हणून बांधलेलं फारच थोडं. गड लढाईसाठी उभा राहिला, धरण पिकांसाठी, जंगल राजाच्या शिकारीसाठी राखलं गेलं. ही सगळी राबती ठिकाणं. ती कशी राबत होती हे कळलं, की तोच पन्हाळा आणि तेच राधानगरी निराळं दिसायला लागतं.

रंकाळा: खाणीचा झाला तलाव

सुरुवात घरापासून करू. रंकाळा मुळात दगडाची खाण होती, पुढं तिच्यात पाणी भरलं, असं जुनी माणसं सांगतात. काठावरचा काळ्या दगडाचा संध्यामठ पाणी चढलं की बुडतो आणि उतरलं की पुन्हा वर येतो. पलीकडं 1930च्या दशकात बांधलेला शालिनी पॅलेस. संध्याकाळी निम्मं गाव इथं चौपाटीवर असतं. भेळ इथंही मिळते, पण पक्का कोल्हापूरकर भेळेसाठी खासबागेत जातो. शाहू महाराजांनी बांधलेलं कुस्तीचं मैदान तिथंच आहे, त्यामुळं भेळ खाता खाता कुस्त्यांचे विषय निघतातच.

रात्री उशिरा गंगावेशीत दूध कट्ट्यावर जावं. म्हशी रस्त्याकडेला उभ्या असतात, तुमच्यासमोर धार काढली जाते आणि फेसाचं कोमट दूध ग्लासात येतं. तालमीतल्या पैलवानांच्या खुराकातून वाढलेला हा व्यवहार आता बाहेरगावच्या पाहुण्यांना आवर्जून दाखवायची गोष्ट झाला आहे.

पन्हाळा: कोठारं आणि विहीर

पन्हाळा शहरापासून वीसेक किलोमीटर. बाराव्या शतकाच्या अखेरीस शिलाहार राजा दुसरा भोज याच्या काळात गड उभा राहिला. जुलै 2025मध्ये युनेस्कोनं मराठ्यांच्या लष्करी स्थापत्याचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले, त्यांत पन्हाळा आहे. बहुतेक लोक तबक उद्यान, तीन दरवाजा, झुणका-भाकर, खर्डा आणि दही एवढं करून परततात. झुणका-भाकरीला माझी हरकत नाही. फक्त त्याआधी अंबरखाना आणि अंधारबाव नीट पाहून घ्या.

अंबरखान्यात गंगा, यमुना आणि सरस्वती अशी तीन धान्यकोठारं. भिंती अशा जाड की आत शिरताच अंगाला गारवा लागतो. बाहेरून दगडी जिने थेट छतावर जातात, कारण धान्य दारातून आत न्यायचं नसून वरूनच ओतायचं होतं. छताला ठेवलेली भोकं त्यासाठीच. तीन दरवाजाजवळची अंधारबाव तीनमजली. तळाला पाणी, वर पहारेकऱ्यांना राहायला जागा, आणि मधल्या मजल्यातून तटाबाहेर उतरणारी वाट. शत्रूनं पाण्यात विष कालवू नये म्हणून विहिरीवर इमारतच चढवली.

आता 1660चा वेढा आठवा. सिद्दी जौहरनं गडाला घातलेला फास चार महिने सुटला नाही आणि आत शिवाजी महाराज होते. एवढे दिवस गड तगला तो तलवारीइतकाच या कोठारांवर आणि या पाण्यावर. जुलैच्या पावसात महाराज निसटले, शिवा काशीदनं जीव दिला, घोडखिंडीत बाजीप्रभू पडले, हे सगळ्यांना पाठ आहे. दरवर्षी जुलैमध्ये शेकडो लोक मसाई पठारावरून चिखल तुडवत पावनखिंडीपर्यंत चालतात. अंबरखाना पाहून मग ही वाट चाललात, तर वेढ्यातले ते चार महिने जास्त कळतील.

पाणी बघायला

कोल्हापूरकरांची एक सहल कुठल्याही पर्यटन पुस्तिकेत सापडणार नाही. जुलै-ऑगस्टमध्ये पंचगंगेला पूर आला की लोक घरातून ‘पाणी बघून येतो’ म्हणून निघतात. राजाराम बंधाऱ्यावर 39 फूट म्हणजे इशारा आणि 43 फूट म्हणजे धोका, हे आकडे शाळकरी पोरांनाही तोंडपाठ. 2019 आणि 2021च्या महापुरांनंतर या बघण्यात धास्तीही मिसळली आहे.

या पाण्याचा माग काढत वर गेलं की राधानगरी लागतं. शाहू महाराजांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात भोगावतीवर या धरणाचा घाट घातला. काम रखडत गेलं आणि स्वातंत्र्यानंतर पुरं झालं. त्याचे सात स्वयंचलित दरवाजे ही खास बघण्याची गोष्ट. पाणी ठरावीक पातळीला पोहोचलं की त्याच्याच दाबानं ते उघडतात आणि पातळी उतरली की मिटतात. एका दरवाजातून सेकंदाला 1428 घनफूट पाणी सुटतं. पावसाळ्यात ‘तीन नंबरचा उघडला’ ही बातमी गावभर व्हायला वेळ लागत नाही.

पुढं दाजीपूरचं जंगल. संस्थानिकांचं हे शिकारीचं राखीव रान 1958मध्ये गव्यांसाठी अभयारण्य झालं आणि 2012मध्ये पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशात गेलं. पावसाळ्यात ते बंद असतं, त्यामुळं दिवाळीनंतरचे दिवस चांगले. गवा दिसेलच असं नाही, आवाज बंद ठेवलात तर शक्यता वाढते. मे महिन्यात इथला काजवा महोत्सव बघायला लोक लांबून येतात.

कृष्णाकाठ

पूर्वेला शिरोळ तालुक्यात एका दिवसात दोन ठिकाणं होतात. कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर नृसिंहवाडी, म्हणजे आपली नरसोबाची वाडी. इथं पुराचं पाणी थेट देवळात येतं, दत्ताच्या पादुकांवरून वाहत दक्षिणेच्या दारानं बाहेर पडतं, आणि त्या दक्षिणद्वार सोहळ्यात स्नानासाठी लोक भिजत रांगा लावतात. पूर ओसरल्यावर येणाऱ्यांनी बासुंदी आणि कवठाची बर्फी चुकवू नये.

तिथून पुढं खिद्रापूर. शिलाहारकालीन कोपेश्वर मंदिरात दारातला नंदी शोधाल तर सापडणार नाही. सापडेल तो स्वर्गमंडप, 48 खांबांचा, आणि मधोमध छताला गोल आभाळ सोडलेला. होमाचा धूर वर निघून जावा म्हणून ही मोकळीक, असं गावकरी सांगतात. कार्तिक पौर्णिमेला मध्यरात्रीच्या सुमारास चंद्र या वर्तुळावर येतो. त्याच दिवशी पहाटे कोल्हापुरात पंचगंगेचा घाट पणत्यांनी भरलेला असतो. त्याच हंगामात, 9 ते 11 नोव्हेंबर, मावळतीची किरणं महाद्वारातून अंबाबाईच्या गाभाऱ्यात शिरतात. दिवाळीला येणाऱ्यांनी तारखा जुळवून पाहाव्यात.

अजून राबणारी जागा

आता शेवटची सहल, आणि हिच्यासाठी तिकीट नाही. दिवाळीच्या सुमारास जिल्ह्यात गुऱ्हाळं पेटतात. ओळखीपाळखीनं एखाद्या रस्सा मंडळाला जोडून घ्या. दोस्तांनी वर्गणी काढायची, शेतात चूल मांडायची, तांबडा-पांढरा शिजवायचा, हे झालं रस्सा मंडळ. मटण शिजेपर्यंत शेजारच्या गुऱ्हाळावर जाऊन बसायचं.

मोठ्या काहिलीत उसाचा रस, खाली चिपाडांचा जाळ. भेंडीची झाडं ठेचून काढलेलं चिकट पाणी रसात पडलं की मळी वर गोळा होते आणि ती झाऱ्यानं काढून टाकतात. रस आटत काकवीवर येतो. मग सगळ्यांचे डोळे गुळव्याकडं. तो थोडा पाक गार पाण्यात सोडतो, बोटांत गोळी वळते का बघतो आणि मान हलवतो. त्याच क्षणी काहील उचलून वाफ्यात रिकामी करायची. चार मिनिटं इकडं तिकडं झाली तर सबंध आधणाचा रंग आणि भाव बदलतो. कोल्हापुरी गुळाला 2014मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तरी तिथं अजूनही शेवटचा शब्द गुळव्याच्या बोटांचा. पोरं तोवर वाफ्याच्या कडेचा गरम गूळ शेंगदाण्यांशी खात असतात.

साखर कारखाने वाढले, गुळवे मिळेनात, तशी गुऱ्हाळं कमी होत चालली आहेत. कोठारं रिकामी झाल्यावर आपण अंबरखाना बघायला जायला लागलो. गुऱ्हाळ मात्र जाळ चालू असताना बघता येतं, आणि जाताना दोन किलो गूळ विकत घेतला तर गुऱ्हाळवाल्याचाही दिवस बरा जातो.