रॅली मोटारगाड्यांचे प्रमाणन व स्वतंत्र बांधणी

मोटारगाडीचे विशिष्ट प्रतिमान रॅलीत उतरविण्यास पात्र असल्याची क्रीडासंघटनेने दिलेली मान्यता म्हणजे प्रमाणन होय; ‘होमोलोगेशन’ ही त्याची रूढ संज्ञा आहे. यासाठी परंपरेने उत्पादकच अर्ज करीत आला आहे. गाडीच्या प्रमुख भागांची मापे व तपशील एका प्रपत्रात नोंदविले जातात आणि स्पर्धेच्या वेळी तपासनीस गाडी त्याच्याशी ताडून पाहतात. उत्पादकाने अर्ज न केल्यास कुशल कार्यशाळेलाही त्या प्रतिमानाची गाडी जागतिक रॅली मालिकेत उतरविणे दुरापास्त होते.

या पद्धतीचा मूळ हेतू स्पर्धेतील गाडीचे बाजारातील गाडीशी नाते टिकविणे हा होता. १९८२ मध्ये अंमलात आलेल्या ‘अ’ गटासाठी बारा महिन्यांत ५,००० गाड्या बांधणे आवश्यक होते. ‘ब’ गटाला मात्र २०० गाड्या पुरत. या सवलतीमुळे ‘ब’ गटात अतिशय शक्तिमान गाड्या निर्माण झाल्या. १९८६ मध्ये पोर्तुगालच्या रॅलीत प्रेक्षक मृत्युमुखी पडले, तर कॉर्सिका बेटावरील रॅलीत हेन्री टोइव्होनेन व त्याचा सहचालक सेर्जिओ क्रेस्टो यांचा अंत झाला. त्या वर्षाअखेर हा गट जागतिक मालिकेतून वगळण्यात आला. या गाड्या रीतसर प्रमाणित होत्या. म्हणजेच उत्पादकाचे नाव ही सुरक्षिततेची हमी नव्हे.

२०२२ पासून सर्वोच्च श्रेणीत नळ्यांचा सांगाडा वापरण्यास मुभा मिळाली व बाजारातील गाडीशी असलेले नाते आणखी सैल झाले. डिसेंबर २०२४ मध्ये आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाने २०२७ साठीच्या नियमांना मान्यता दिली. त्यांनुसार गाडीच्या किंमतीवर ३,४५,००० यूरोंची मर्यादा असून उत्पादकांखेरीज स्वतंत्र बांधणीकारांनाही वाव आहे. येथे प्रमाणन रद्द होत नाही. ते मिळविण्याचा अधिकार व सांगाड्याच्या बळकटीचे दायित्व बांधणीकाराकडे येते.

भारतात १९७१ मध्ये स्थापन झालेला मोटार क्रीडा मंडळांचा महासंघ राष्ट्रीय स्पर्धांचे नियम ठरवितो. महाराष्ट्रात नाशिक परिसरात राष्ट्रीय मालिकेतील रॅली झाल्या आहेत. तथापि रॅलीतील वेगाचे टप्पे बंद रस्त्यांवर होत असले, तरी त्यांना जोडणारा प्रवास सार्वजनिक रस्त्यांवरून होतो. तेथे देशाचा कायदा लागू असतो. मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधील कलम ५२ नुसार, विहित अपवाद सोडता, नोंदणीकृत वाहनात उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत; सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच अधोरेखित केले. नव्या वाहनाचे आद्यरूप केंद्रीय मोटार वाहन नियम १२६ नुसार अधिकृत संस्थेकडून तपासून घ्यावे लागते. पुण्याची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया आणि अहिल्यानगरची वाहन संशोधन संस्था या त्यांपैकी होत.

म्हणून स्वतंत्र बांधणीला केवळ क्रीडासंघटनेची अनुमती पुरेशी नाही. मर्यादित संख्येच्या स्पर्धा-वाहनांसाठी वेगळी, परवडणारी चाचणीपद्धती नसेल, तर लहान कार्यशाळांना मिळालेले स्वातंत्र्य कागदावरच राहते. आणि चाचणीच वगळली, तर त्याची किंमत चालक व रस्त्याकडेचे प्रेक्षक यांना मोजावी लागते.