सूक्ष्म शिक्का नेमका जागेवर कसा बसतो?

ऑफिसमधला शिक्का कागदावर थोडा तिरका पडला तरी चालतं. पण नक्षी केसापेक्षा बारीक असेल तर?

१९९३ मध्ये हार्वर्ड विद्यापीठातील जॉर्ज व्हाइटसाइड्स यांच्या टीमने सिलिकोन रबराच्या शिक्क्याने सोन्याच्या पातळ थरावर रसायनाची अशी नक्षी छापून दाखवली.

खरी अडचण येते ती पहिल्या नक्षीवर दुसरी बसवताना. हे रबर उष्णतेने फुगतं. १ सेंटिमीटर लांबीचा शिक्का फक्त १ अंश सेल्सिअसने तापला, तरी सुमारे ३ मायक्रॉनने वाढतो. रेषाच १ मायक्रॉनची असेल, तर ती भलतीकडेच उमटते.

यावर उपाय काय? रबराला मागून काचेचा ताठ आधार देतात, तापमान स्थिर ठेवतात. शिक्का आणि पृष्ठभाग दोन्हींवर खुणा असतात. रबर पारदर्शक असल्याने त्या सूक्ष्मदर्शकातून दिसतात. खुणा एकमेकींवर बसल्या, की मगच शिक्का टेकवायचा.