टेलिफोनची लयकारी

टेलिफोनमध्ये संगीत शोधणे म्हणजे गिरणीच्या भोंग्यात राग शोधणे होय, असे काही रसिक म्हणतील. म्हणोत बापडे. परंतु लँडलाइनचा रिसीव्हर कानाला लावताच जो सूर ऐकू येतो, तो कोणीतरी मोजूनमापून ठरविलेला असतो. इतकेच नव्हे, तर तो बदलताही येतो.

आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने देशोदेशीच्या या सुरांची यादीच प्रसिद्ध केली आहे. तीत भारताचा मूळ सूर एकच, सेकंदाला ४०० आंदोलनांचा. हार्मोनियमच्या मधल्या सप्तकातील पांढरी पाचहून किंचित चढा. डायल टोनसाठी तो सेकंदाला २५ वेळा हेलकावतो, म्हणून जवारी लावलेल्या तारेसारखा घुमतो. पुढचा सारा कारभार लयीचा. पलीकडे घंटी वाजत असता ०.४ सेकंद नाद, ०.२ विराम, पुन्हा ०.४ नाद आणि मग २ सेकंद शांतता. ०.२ सेकंदाची एक मात्रा धरल्यास हे १५ मात्रांचे आवर्तन होते. पहिल्या पाचांत सारे बोल, उरलेल्या दहा मोकळ्या. समोरचा माणूस बोलण्यात गुंतला असेल तर पाऊण सेकंद नाद, पाऊण सेकंद विराम. वाटच मोकळी नसेल तर तेच पाव-पाव सेकंदाने, म्हणजे बरोबर तिप्पट लयीत. पुष्कळ मंडळी दोहोंना ‘एंगेज’च म्हणतात आणि वाट अडली असता समोरच्या माणसावर रुसतात!

अमेरिकेची तऱ्हा निराळी. तिथे दोन-दोन सूर एकत्र वाजतात. डायल टोन ३५० आणि ४४० चा. ३५० ला षड्ज मानले तर शुद्ध गंधार ४३७.५ वर येतो. अवघा अडीच आंदोलनांचा फरक. ऐकायला गोड. एंगेजचे सूर मात्र ४८० आणि ६२०. ४८० च्या षड्जाचा शुद्ध गंधार ६०० वर, शुद्ध मध्यम ६४० वर. म्हणजे ६२० दोहोंच्या बरोबर मध्ये लोंबकळतो. १९१६ साली आपल्या बडोद्यास संगीत परिषद भरली, तेव्हा श्रुतींच्या मोजमापावरून विद्वानांत मोठा वाद झाला होता. बावीस श्रुतींच्या प्रचलित गणितातही या ६२० ला जागा नाही. ‘आता बोलणे होणार नाही’ हे सांगायला असा बेघर सूर मला तरी चपखल वाटतो. इंग्रजांच्या रिंगमध्ये ४०० आणि ४५० हे सूर आहेत, म्हणजे चोख षड्ज-ऋषभ.

हल्ली एक्स्चेंजचे काम संगणक करतो. ‘अ‍ॅस्टरिस्क’ या मुक्त प्रणालीत प्रत्येक देशाच्या सुरांच्या ओळी लिहून ठेवलेल्या असतात. भारताच्या एंगेजची ओळ अशी: ४००/७५०, ०/७५०. आधी आंदोलने, मग सेकंदाचे सहस्रांश; शून्य म्हणजे विराम. स्वरलिपी वाचणाऱ्याला यात अवघड ते काय?

ही ओळ चुकली की काय होते, ते माझ्या परिचयाच्या एका संगीतशाळेत पाहिले. तिथे फोन आधी यंत्रच उचलते व मग आतल्या खोलीत घंटी वाजवते. तोवर बाहेरच्याला ऐकू येणारी रिंगही यंत्राचीच. ते बसविणाऱ्याने देश अमेरिकाच राहू दिला होता. दोन सेकंदांची लांब रिंग, मग चार सेकंद शांतता. आपल्या आवर्तनाला सरावलेले वृद्ध पालक त्या शांततेत ‘लाइन तुटली’ म्हणून फोन ठेवून देत. कार्यालयात घंटी वाजे, कारकून धावे, तो पलीकडे कोणी नाही! पुढे देशाचे नाव बदलून ‘भारत’ केले, तेव्हा हा प्रकार थांबला.

मोबाईलला डायल टोनच नाही. त्यामुळे माझ्या वर्गातल्या मुलांपैकी अनेकांनी तो ४०० चा सूर कधी ऐकलेला नसतो. त्यांना मी कार्यालयात नेऊन रिसीव्हर कानाला लावायला देतो आणि हार्मोनियमवर जवळची पट्टी शोधायला सांगतो.