जाळी काढली म्हणून गाडी जास्त पळत नाही

जुनी आरएक्स १०० किंवा करिझ्मा घेऊन नांदेड-लातूरच्या कुठल्याही गॅरेजवर जा. मिस्त्रीनं पाना हातात घ्यायच्या आधी शेजारचा कुणीतरी सल्ला देतोच, "भाऊ, सायलेन्सरची जाळी काढून टाका, मग बघा कशी पळती." हा सल्ला मी वर्षानुवर्षं ऐकतोय. तो ऐकून चांगल्या गाड्यांचे पिस्टन गेलेलेही पाहिलेत. जाळी काढल्यानं वाढतो तो आवाज. ताकद बहुतेक वेळा कमीच होते, आणि का होते ते नीट समजून घ्यायला हवं.

आधी टू-स्ट्रोक घेऊ. आरएक्स १०० आपल्याकडे १९८५ ते १९९६ या काळात बनली. ९८ सीसीतून साधारण ११ अश्वशक्ती, तीही ७५०० आरपीएमला. या इंजिनात एक्झॉस्टला वॉल्व्ह नसतो, सिलिंडरच्या भिंतीत नुसतं भोक, म्हणजे पोर्ट, असतं. जळालेला धूर बाहेर जाताना त्याच भोकातून ताजं पेट्रोलही निसटतं. ते परत आत ढकलण्याचं काम पाइपचा आकार करतो. धुराबरोबर दाबाची एक लाट पाइपमधून धावते. पाइप जिथे रुंदावतो तिथून उलटी ओढ परत येते आणि सिलिंडर रिकामा व्हायला मदत करते. पुढे पाइप निमुळता होतो तिथून दाब परततो आणि निसटलेलं मिश्रण आत लोटतो. पोर्ट बंद व्हायच्या नेमक्या आधी तो दाब पोचला तरच उपयोग.

ही वेळ किती बारीक आहे बघा. ७५०० आरपीएमला क्रँकचा एक फेरा ८ मिलिसेकंदांत होतो. पोर्ट १८० अंश उघडा राहतो असं धरलं, तर लाटेला जाऊन-येऊन मिळतात ४ मिलिसेकंद. तापलेल्या धुरात ती सेकंदाला साधारण ५०० मीटर धावते, म्हणजे परतीची जागा पिस्टनपासून अंदाजे १ मीटरवर हवी. गॉर्डन जेनिंग्ज यांच्या १९७३ च्या टू-स्ट्रोक ट्यूनिंगच्या पुस्तकात हेच सूत्र दिलेलं आहे. पूर्व जर्मनीच्या एमझेड कारखान्यात वॉल्टर काडेन यांनी १९५० च्या दशकात या लाटांवर काम केलं, आणि १९६१ मध्ये त्यांच्या १२५ सीसी इंजिननं २५ अश्वशक्ती दिली. त्याच वर्षी त्यांचा रायडर एर्न्स्ट डेग्नर देश सोडून सुझुकीकडे गेला आणि ही विद्या जपानला पोचली. आरएक्सच्या सायलेन्सरच्या पोटात तीच विद्या आहे. पाइप मध्येच कापणारा माणूस इंजिनचा एक चालता भाग कापून फेकत असतो.

मग हा समज आला कुठून? त्याचं मूळ खरं आहे, म्हणून तर तो जात नाही. टू-स्ट्रोकमध्ये ऑइल जळतं आणि शेपटाकडच्या जाळीवर काजळी साचते. भोकं बुजली की गाडी गुदमरते. अशी जाळी काढली की गाडी एकदम मोकळी होते आणि मालक खूश होतो. पण ती मोकळी झाली काजळी गेल्यामुळे! जाळी बाहेर काढा, साफ करा आणि परत बसवा. जाळी काढता येईल अशीच बनवलेली आहे, ती यासाठीच.

करिझ्मा, सीबीझी या फोर-स्ट्रोक गाड्यांत भाग वेगळे, तरी तत्त्व तेच. २००३ ची करिझ्मा २२३ सीसीची. एक्झॉस्ट आणि इनटेकचे वॉल्व्ह थोडा वेळ दोन्ही उघडे असतात, त्या क्षणी पाइपमधली ओढ ताजं मिश्रण आत खेचते. इथे दुसरा समज भेटतो, "इंजिनला बॅक प्रेशर लागतं." लागत नाही. इंजिनला लागतो धुराचा वेग. गरजेपेक्षा जाड बेंड पाइप लावला की वेग पडतो, खालच्या आरपीएमची ओढ जाते आणि लोक म्हणतात बॅक प्रेशर गेलं. म्हणून नवा पाइप बनवताना व्यास पोर्टच्या मापाजवळ ठेवा, वळणावर पाइप चेपू देऊ नका आणि सांध्यात आत वेल्डिंगचा लगदा राहू देऊ नका.

आता सगळ्यात महागात पडणारी गोष्ट. पाइप मोकळा झाला की हवेचं गणित बदलतं, कार्ब्युरेटरला मात्र ते कळत नाही. मिश्रण लीन होतं, म्हणजे पेट्रोल कमी पडतं, इंजिनचं डोकं तापतं आणि टू-स्ट्रोक सीझ होते. कार्ब्युरेटरचं मेन जेट बदलून प्लगचा रंग तपासल्याशिवाय गाडी लोहा-अहमदपूर मार्गावर ताणू नका. आपल्याकडे आणखी एक भानगड आहे. मे महिन्याच्या ४२ अंशांत जेट अगदी काठावर ठरवलं, तर डिसेंबरच्या पहाटे दाट हवेत तेच जेट लीन पडतं. त्यामुळे थोडं रिचकडेच ठेवावं.

तरीही "मला फरक जाणवतो" असं कुणी म्हणालंच, तर त्यानं मोकळ्या रस्त्यावर, एकाच गिअरमध्ये, ४० ते ७० ची वेळ घड्याळ लावून मोजावी, आधी आणि नंतर. कानाला वेग मोजता येत नाही.

बाकीचे समज थोडक्यात.

"आवाज कमी म्हणजे धूर अडला." नाही. भोकांची सरळ नळी आणि तिच्याभोवती ग्लासवूल असेल, तर धूर सरळ जातो आणि आवाज लोकरीत मुरतो.

"फटाके फुटणं म्हणजे ताकद." न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमध्ये पेटतंय, एवढाच त्याचा अर्थ. बेंडचा गॅस्केट गळतोय का ते आधी बघा.

"मोठ्या आवाजानं जीव वाचतो." अमेरिकेतल्या मोटारसायकल अपघातांवरच्या १९८१ च्या हर्ट अहवालात तीन चतुर्थांशांहून जास्त अपघातांत धोका समोरच्या बाजूनं आलेला आढळला. सायलेन्सरचं तोंड मागे असतं.

"मोबाइलवर ९० डेसिबल दाखवतं, तरी चालतं." ८० ते १७५ सीसीच्या गाडीला मर्यादा ७७ आणि त्यावर ८० डेसिबल आहे, आणि ती ७.५ मीटरवरून मोजतात, सायलेन्सरला मोबाइल चिकटवून नाही.

"पकडलं तर हजार-पाचशेत सुटतो." मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) मध्ये २०१९ च्या दुरुस्तीनंतर १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, शिवाय तीन महिने लायसन्स अपात्र. मूळ रचनेत परवानगीशिवाय बदल केल्याचं कलम १८२अ(४) वेगळं आहे, दर बदलाला ५,००० रुपये. कंपनीचा सायलेन्सर म्हणूनच भंगारात देऊ नका. आरएक्सचा चांगला मूळ सायलेन्सर आज शोधून मिळत नाही.

"बेंड निळा पडला, इंजिन गेलं." स्टील तापलं की त्यावर ऑक्साइडचा पातळ थर येतो, त्याचा तो रंग. पण क्रोमचा जुना बेंड एकाएकी गडद निळा झाला, तर त्याच दिवशी प्लग काढून बघा. तो पांढरा पडला असेल तर मेन जेट एक नंबर वाढवा.